निबंधाला आठपैकी किती?
कुमारवयातील लेखनाच्या मूल्यमापनाचा जुना प्रश्न

महाराष्ट्रातील दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेत शेवटचा विभाग उपयोजित लेखनाचा असतो. ८० गुणांच्या लेखी परीक्षेत या विभागाचा वाटा २४ गुणांचा. पत्र किंवा सारांशलेखन यांस ६ गुण, जाहिरात, बातमी व कथा यांपैकी दोन कृतींना मिळून १० आणि प्रसंगलेखन, आत्मकथन वा वैचारिक लेखन यांपैकी एका विषयाला ८. कृतिपत्रिकेचा उरलेला भाग बहुतांशी पाठ्यपुस्तकाच्या किंवा छापून दिलेल्या उताऱ्याच्या आधाराने सुटतो. या शेवटच्या आठ गुणांसाठी मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या मुलापुढे कोरा कागद असतो आणि त्याने स्वतःची वाक्ये स्वतः जुळवावीत अशी अपेक्षा असते. दहा वर्षांच्या भाषाशिक्षणाचे फलित पाहावयाचे झाले तर ते येथेच दिसावयास हवे. परंतु संपूर्ण उत्तरपत्रिकेत ज्या गुणांविषयी सर्वांत कमी खात्री देता येते, तेही हेच आठ गुण होत.

एकाच निबंधाला एका परीक्षकाने पाच आणि दुसऱ्याने सात गुण दिले, तर दोघांपैकी कोणी चूक केली असे म्हणता येत नाही. सर्वोत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांत हा दोन गुणांचा फरक ०.४ टक्के इतका होतो. अकरावीच्या प्रवेशयाद्या दशांश चिन्हापुढच्या अंकांवर ठरतात, तेथे एवढा फरक पसंतीचे महाविद्यालय मिळवून देण्यास किंवा हिरावून घेण्यास पुरतो. पालकांचे लक्ष साहजिकच या बाजूकडे असते. दुसरी बाजू कमी बोलली जाते. लेखनाला गुण कशासाठी मिळतात, हे मुले फार लवकर ओळखतात आणि त्याप्रमाणेच लिहू लागतात. त्यामुळे लेखनाचे मूल्यमापन म्हणजे लेखनाचे शिक्षणच होय. फक्त ते शिक्षकाने योजलेले नसते.

तोच कागद, निराळे गुण

निबंधाच्या गुणांची अस्थिरता हा आजचा शोध नव्हे. अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ आणि १८९० मध्ये परीक्षांतील दैवाच्या वाट्याविषयी निबंध लिहिले. लॅटिन गद्यलेखनाचा एकच नमुना त्यांनी २८ जाणकारांकडे तपासण्यास दिला होता. आलेले गुण शंभरपैकी ४५ पासून थेट १०० पर्यंत पसरले होते. अमेरिकेत डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांकडे पाठविल्या. १४२ शाळांतील शिक्षकांनी तपासलेल्या या प्रतींपैकी एकीचे गुण पन्नाशीपासून नव्वदीच्या वर गेले. भाषा हा विषयच तसा, असे कोणी म्हणेल म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी हाच प्रयोग भूमितीच्या उत्तरपत्रिकेवर केला. तेथे गुणांची तफावत कमी होण्याऐवजी वाढली. कोणी केवळ उत्तर पाहिले, कोणी रीत पाहिली, तर कोणी आकृतीचा गबाळेपणा पाहून गुण कापले.

या कथेत भारताशी संबंध असलेली एक व्यक्तीही आहे. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि १९२९ च्या भारतीय शिक्षणविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून फिलिप हार्टॉग यांचे नाव शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. प्राथमिक शिक्षणातील गळती व स्थगन यांवरील चर्चेत हार्टॉग समितीचा दाखला हमखास येतो. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासमवेत १९३५ मध्ये परीक्षांचीच परीक्षा घेणारा अहवाल सिद्ध केला. शालान्त परीक्षेतील इतिहासाच्या, मूळ परीक्षेत एकसारखेच गुण मिळालेल्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनी परीक्षकांकडून तपासून घेतल्या आणि वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने त्याच परीक्षकांना पुन्हा तपासावयास दिल्या. चौदा परीक्षकांनी दोन्ही वेळा काम केले, म्हणजे निकाल झाले २१०. त्यांपैकी ९२ निकालांत अनुत्तीर्ण, उत्तीर्ण किंवा विशेष श्रेणी हा निर्णयच बदललेला आढळला. परीक्षक तोच, कागद तोच. बदलला तो केवळ दिवस.

या सर्वांहून बोलका प्रयोग पॉल डीडरिक, जॉन फ्रेंच व सिडेल कार्ल्टन यांचा, १९६१ चा. महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांनी वाचले. वाचकांत भाषाशिक्षक होते, तसेच समाजशास्त्र व विज्ञानाचे अध्यापक, लेखक-संपादक, वकील आणि उद्योगातील अधिकारीही होते. मुद्दामच कोणतेही निकष न देता, एकंदर दर्जा पाहून निबंधांचे नऊ गठ्ठे करा एवढेच त्यांना सांगण्यात आले. ३०० पैकी १०१ निबंधांना एकपासून नऊपर्यंतच्या सर्व श्रेणी मिळाल्या. एकाही निबंधाला पाचांहून कमी निरनिराळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत.

संशोधक येथे थांबले असते, तर हाती केवळ निराशा आली असती. त्यांनी मतभेदांचे पृथक्करण केले आणि वाचकांचे पाच कुलांत वर्गीकरण होते असे दाखविले. एक कुल विचारांना महत्त्व देणारे, दुसरे शुद्धलेखन-विरामचिन्हांना, तिसरे मांडणीला, चौथे शब्दयोजनेला आणि पाचवे लिहिणाऱ्याच्या खास शैलीला. यांतील विचारांना मान देणारे कुल सर्वांत मोठे होते. म्हणजे परीक्षकांचे गुण लहरीने बदलत नव्हते. प्रत्येकाच्या मनात चांगल्या लेखनाची एक ठाम, परंतु निराळी व्याख्या होती. हा निष्कर्ष मराठीच्या कोणत्याही शिक्षक-कक्षात पडताळून पाहता येईल. अक्षर पाहून प्रसन्न होणारे बाई, ‘मुद्दे आले का?’ विचारणारे सर, सुभाषित दिसताच खूण करणारे ज्येष्ठ शिक्षक ही कुले तेथेही नांदत असतात.

दोन उतारे

प्रश्न नेमका कोठे आहे हे उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’ या विषयावरील पुढील दोन उतारे येथे नमुन्यादाखल रचले आहेत. मात्र असे उतारे तपासणाऱ्यांच्या नित्य परिचयाचे आहेत.

पहिला: ‘भारत हा खेड्यांचा देश आहे. खेड्याचा प्राण म्हणजे आठवडी बाजार होय. पूर्व दिशेला सोनेरी किरणांची उधळण होताच बाजारात चैतन्य संचारते. वसुंधरेने जणू हिरवा शालू परिधान केला आहे असे हिरव्यागार भाज्या पाहून वाटते. खरोखर, बाजार म्हणजे मानवी जीवनाचा आरसाच होय!’

दुसरा: ‘बाजाराच्या दिवशी आई पहाटेच मेथीच्या जुड्या बांधते. जुडी लहान झाली तर गिऱ्हाईक बोलतं आणि मोठी झाली तर आजी. पाऊस आला की ताडपत्री आदी भाजीवर टाकायची आन मग आपल्या डोक्यावर. त्या दीवशी दोन जुड्या राहील्या. आईने त्या शेजारच्या मावशीला दिल्या, तीने आम्हाला चार कांदे दिले.’

पहिल्या उताऱ्यात लेखननियमांची एकही चूक नाही. प्रस्तावना आहे, अलंकार आहेत, शेवटी उद्गारचिन्हही आहे. त्यात बाजार मात्र नाही. ‘बाजार’ हा शब्द काढून तेथे ‘जत्रा’ किंवा ‘शेत’ घातले तरी उताऱ्याचे फारसे बिघडत नाही, आणि तो तसाच बेतलेला असतो. अपेक्षित प्रश्नसंचांतून आणि शिकवणीवर्गांच्या टिपणांतून अशी कोणत्याही विषयाला जोडता येणारी वाक्ये पाठ करवून घेतली जातात. दुसऱ्या उताऱ्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका आहेत आणि बोलीतली तीन रूपे आहेत. परंतु जुडीच्या आकाराविषयीच्या एका वाक्यात गिऱ्हाईक, आजी आणि त्या दोघांच्या मध्ये सापडलेली आई अशी तीन माणसे उभी राहतात. ताडपत्री अगोदर कशावर टाकावयाची, या तपशिलात घराची सगळी अर्थव्यवस्था आहे. हे लिहिणाऱ्या मुलीला काय सांगावे आणि काय सांगू नये, हे कळते.

आता गुण द्यावयाचे आहेत. विषयाला अनुसरून मुद्दे, मांडणी, भाषा आणि शुद्धता असे प्रत्येकी दोन गुणांचे कप्पे केले, तर पहिल्या उताऱ्याला सहा आणि दुसऱ्याला पाच हा निकाल सहज लागू शकतो. दोन परीक्षकांना हे कप्पे नीट समजावून दिले तर दोघेही तोच निकाल देतील. गुणांत एकवाक्यता येईल, पुनर्मूल्यांकनात ते टिकतीलही. आणि तरीही निकाल चुकीचा असेल.

शिक्षणशास्त्रातील परिभाषेत सांगावयाचे तर विश्वसनीयता वाढली, सप्रमाणता ढासळली. कोणीही केव्हाही तपासले तरी तेच गुण येणे ही विश्वसनीयता. जे मोजावयाचे तेच मोजले जाणे ही सप्रमाणता. चुका मोजणे सोपे असते, म्हणून त्यांवर एकमत होते. शंभर वर्षांच्या प्रयोगांतून पुढे आलेला खरा पेच परीक्षकांच्या मतभेदांचा नाही. मतभेद मिटविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग लेखनातला जिवंत भाग मोजणीतून वगळण्याचा आहे, हा तो पेच होय.

शुद्धलेखनाचे माप किती लांब असावे?

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर, असे अठरा नियम आजच्या लेखनव्यवहाराचा आधार आहेत. दहावीच्या विद्यार्थ्याने ते पाळावेत ही अपेक्षा रास्त आहे. सार्वजनिक लेखनाला एक समान रूप लागते, आणि ते शाळेने शिकविले नाही तर ज्यांच्या घरी प्रमाण भाषा बोलली जाते त्यांच्यापुरतेच ते राहील. शुद्धलेखन सोडून द्या असा सल्ला देणारे या दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात.

मात्र प्रत्येक चूक एकाच जातीची नसते. ‘तीने’ लिहिणाऱ्या मुलीने ‘ती’ या दीर्घ सर्वनामाला सरळ प्रत्यय जोडला आहे. प्रत्ययापूर्वी ते ऱ्हस्व होते हा नियम तिला ठाऊक नाही, पण तिचे तर्कशास्त्र ठीक आहे. ‘राहील्या’चे तसेच, ‘राहील’ हे भविष्यकाळी रूप दीर्घच असते, ते तिने पाहिलेले असणार. ‘दीवशी’ची गोष्ट निराळी. तिने पहिल्याच वाक्यात ‘दिवशी’ बरोबर लिहिले आहे, म्हणजे तेथे अज्ञान नसून घाई आहे. पुन्हा एकदा वाचावयाची सवय लावणे हा त्यावरचा उपाय. ‘आन’ आणि ‘बोलतं’ ही तर चुकांपेक्षा बोलीची रूपे आहेत. बोलण्यातली भाषा लिहिताना ‘असं केलं’ आणि एरवी ‘असे केले’, ही मुभा व ही मर्यादा नियमांतच दिलेली आहे. हाच मजकूर आजीच्या तोंडी घातला असता तर ‘बोलतं’ शुद्ध ठरले असते. ‘आदी’ मात्र सुधारलेच पाहिजे, कारण लेखी मराठीत त्या शब्दाचा अर्थच वेगळा होतो.

सहा ठिकाणी लाल वर्तुळ काढून दोन गुण कापणाऱ्या तपासणीत हा भेद बुडून जातो. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकविणाऱ्या मिना शॉनेसी यांनी लेखनात कच्च्या समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हजारो निबंधांचा अभ्यास करून १९७७ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्याचे सार हेच आहे की चुकांना तर्क असतो आणि तो शोधणे हे शिक्षकाचे काम आहे. महाराष्ट्रात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारी, तसेच घरी गोंडी, भिली किंवा कोरकू बोलून शाळेत मराठीतून शिकणारी मुले एकाच कृतिपत्रिकेला बसतात. त्यांच्या बाबतीत हा तर्क न शोधता केवळ चुका मोजणे म्हणजे घर मोजणे होय.

अनेक डोळ्यांचा मार्ग

गुणांचा पेच सोडविण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. पहिला मार्ग नमुन्यांचा. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील मायलो हिलेगास यांनी १९१२ मध्ये, एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या पद्धतीला अनुसरून, कुमारांच्या इंग्रजी निबंधांची एक मापपट्टी तयार केली. शेकडो परीक्षकांकडून निबंधांची परस्परतुलना करवून त्यांनी दहा नमुने निवडले आणि शून्यापासून ९३७ पर्यंतचे मोल त्यांना दिले. शिक्षकाने समोरचा निबंध कोणत्या नमुन्याच्या जवळ बसतो एवढेच पाहावयाचे. पट्टीतील नमुने निरनिराळ्या लेखनप्रकारांचे असल्याने पत्राची तुलना कथेशी कशी करावयाची, असे आक्षेप निघाले. तरीही कल्पना मोलाची होती. ‘उत्तम’, ‘समाधानकारक’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. समोर ठेवलेला निबंध मात्र सर्वांना एकच दिसतो.

दुसरा मार्ग अनेक वाचकांचा. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सोळा वर्षांच्या मुलांचे निबंध दोन प्रकारे तपासले गेले. एकीकडे परीक्षा मंडळाची रीतसर पद्धत, म्हणजे तपशीलवार सूचना आणि एक परीक्षक. दुसरीकडे तीन वाचकांनी एकमेकांशी न बोलता भराभर वाचून दिलेले ठोकळ गुण आणि शुद्धतेपुरते चौथ्याचे गुण. या चौघांच्या गुणांची बेरीज एका परीक्षकाच्या काळजीपूर्वक तपासणीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरली. एकाची सूक्ष्म नजर आणि तिघांचा धावता दृष्टिक्षेप यांत दुसऱ्याची सरशी होते, हे तपासनीसांच्या अभिमानाला रुचणारे नाही. कारण मात्र सरळ आहे. निरनिराळ्या कुलांच्या वाचकांची एकांगी मते एकत्र आली की एकमेकांना छेदतात.

त्याच वर्षी अमेरिकेत फ्रेड गॉडशॉक व सहकाऱ्यांनी ६४६ माध्यमिक विद्यार्थ्यांकडून प्रत्येकी पाच विषयांवर लिहवून घेतले आणि प्रत्येक लेख पाच जणांकडून वाचविला. त्यातून निघालेली गोष्ट परीक्षा मंडळांच्या दृष्टीने अधिक गैरसोयीची आहे. परीक्षक कितीही वाढविले तरी विद्यार्थ्याचा एकच निबंध त्याच्या लेखनशक्तीचे पुरेसे दर्शन घडवीत नाही. विषय बदलला की मुलाचा दर्जा बदलतो. फाटक्या पुस्तकाचे मनोगत ज्याला जमते, त्याला वैचारिक लेख जमेलच असे नाही.

अलीकडे या दोन्ही मार्गांचा संगम ‘तुलनात्मक निर्णय’ पद्धतीत झाला आहे. लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर ती उभी आहे. शिक्षकाला संगणकाच्या पडद्यावर दोन निबंध दिसतात आणि कोणता सरस, एवढेच सांगावयाचे असते. अनेक शिक्षकांनी केलेल्या अशा असंख्य जोड्यांच्या निवडीतून संगणक सर्व निबंधांची एक उतरंड लावतो. इंग्लंडमधील अनेक शाळा लेखनासाठी ही पद्धत वापरतात. शंभरपैकी किती, हे सांगताना माणूस गडबडतो; दोहोंत उजवे कोणते, हे बऱ्यापैकी सांगू शकतो. वरील दोन उतारे शेजारी शेजारी ठेवले, तर मेथीच्या जुडीला बहुमत मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र या पद्धतीत मुलाला आपले काय चुकले हे कळत नाही. कळते ते केवळ स्थान.

यंत्राचे वाचन

परीक्षक थकतो, यंत्र थकत नाही. हा विचारही जुनाच आहे. एलिस पेज यांनी १९६६ मध्ये संगणकाकडून निबंध तपासून घेण्याचा प्रकल्प सुरू केला. त्या काळच्या संगणकाला अर्थ कळत नव्हता, म्हणून निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, विरामचिन्हांची संख्या अशी बाह्य लक्षणे मोजून परीक्षकांच्या गुणांचा अंदाज बांधला जाई, आणि तो चांगला जुळे. यंत्राच्या हुशारीपेक्षा परीक्षकांच्या सवयींविषयीच ही गोष्ट अधिक सांगते. अमेरिकेतील सॅट परीक्षेत २००५ मध्ये २५ मिनिटांचा निबंध आला, तेव्हा तो माणसेच तपासत. लेस पेरेलमन यांनी प्रसिद्ध झालेले नमुने मोजून दाखविले की निबंध जितका लांब तितके गुण अधिक. २०१६ मध्ये हा निबंध ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये, काही राज्यांतील शालेय परीक्षांपुरता अपवाद ठेवून, बंद झाला. ऑस्ट्रेलियात तिसरी, पाचवी, सातवी व नववीच्या मुलांची राष्ट्रीय लेखनपरीक्षा होते आणि ती दहा निकषांवर तपासली जाते. ती संगणकाकडून तपासून घेण्याची योजना २०१८ मध्ये तेथील शिक्षणमंत्र्यांनी नाकारली.

नोव्हेंबर २०२२ नंतर संवादी संगणकप्रणाली सर्वांच्या हाती आल्या आणि प्रश्नाची दिशा उलटली. वर दिलेला पहिला उतारा आज कोणतेही यंत्र क्षणार्धात लिहून देईल. शाळांनी आजवर ज्याला अधिक गुण दिले, ते लेखन यंत्राला सर्वांत सोपे जावे, ही बाब गुणदानाच्या निकषांकडे पुन्हा पाहावयास लावणारी आहे. घरून लिहून आणलेल्या निबंधाला गुण देण्यात फारसा अर्थ उरला नसल्याने, वर्गात हाताने लिहिलेला कच्चा खर्डा आणि त्यावरून केलेला पक्का लेख, हे दोन्ही पाहण्याची गरज वाढली आहे.

महाराष्ट्रात कोठे उभे आहोत?

शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक आणि संकलित असे त्याचे दोन भाग आणि शिक्षकाने ठेवावयाच्या वर्णनात्मक नोंदी, ही रचना कागदावर उत्तम होती. लेखनासाठी तर ती अनुकूलच होती, कारण वर्षभरातले अनेक नमुने पाहण्याची सोय तीत होती. पुष्कळ ठिकाणी या नोंदींची तयार वाक्ये छापील पुस्तिकांतून उतरविली जाऊ लागली. मुलांचे निबंध पाठ केलेले आणि शिक्षकांचे शेरे उतरविलेले, असा हा समसमासंयोग. साठ-सत्तर मुलांचा वर्ग आणि शाळाबाह्य कामांचा भार पाहता सगळा दोष शिक्षकांच्या पदरी घालणे मात्र अन्यायाचे होईल.

नववी-दहावीत पुन्हा गुणांचे राज्य सुरू होते. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषाविषयांचे २० अंतर्गत गुण काढून १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्यात आली. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रम व आराखडाही नवा होता, त्यामुळे घसरणीचे खापर एकट्या त्या २० गुणांवर फोडता येणार नाही. गुण परत देण्यात आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. या गदारोळात मुलांना लिहिता येते की नाही, यावर फारच थोडी चर्चा झाली. मोठ्या पाहण्यांतूनही ते कळत नाही. २०२१ ची राष्ट्रीय संपादणूक चाचणी बहुपर्यायी प्रश्नांची होती. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील सुमारे चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता येत नसल्याचे आढळले, पण तेथे वाचन आणि गणित तपासले जाते, लेखन नाही. म्हणजे राज्यातील किशोरांच्या लेखनाविषयी जी काही सार्वत्रिक माहिती जमा होते, ती त्या आठ गुणांच्या निबंधातूनच. आणि तीही निकालाच्या बेरजेत विरून जाते.

मंडळाच्या पद्धतीत परीक्षकाच्या वर नियामक आणि त्याच्या वर मुख्य नियामक असतो. तपासलेल्या गठ्ठ्यातील काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतो. एवढी व्यवस्था वस्तुनिष्ठ प्रश्नांना पुरेशी आहे. निबंधासाठी मात्र नियामकांच्या बैठकीत केवळ गुणदान योजना वाचून दाखविण्याऐवजी, आठपैकी तीन, पाच आणि सात गुणांचे प्रत्यक्ष निबंध सर्वांसमोर ठेवले, तर हिलेगास यांची जुनी पट्टी मराठीत अवतरेल. पाठ केलेल्या वाक्यांना किती गुण द्यावयाचे, हे त्याच बैठकीत उघडपणे ठरविता येईल. यासाठी नवे यंत्र लागत नाही, की वेगळा निधी.

शाळेच्या पातळीवर याहून सोपी गोष्ट शक्य आहे. तीन शिक्षकांनी नावे झाकून त्याच दहा वह्या स्वतंत्रपणे तपासावयाच्या आणि मग गुण शेजारी मांडून बसावयाचे. दोघांच्या गुणांत तीनचा फरक पडला की तेथे खरे बोलणे सुरू होते. वहीवर काय लिहावयाचे, हा त्यानंतरचा प्रश्न. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये शेकडो संशोधनांचा आढावा घेऊन दाखविले की वर्गातील मूल्यमापनाने मुले पुढे जातात ती पुढे काय करावे हे कळल्यामुळे. नुसता गुण ते सांगत नाही, आणि ‘अक्षर सुधारा’, ‘छान’ हे शेरेही सांगत नाहीत. ‘उरलेल्या जुड्यांचे पुढे काय झाले हे सांगितलेस, ते आवडले. आजी काय म्हणाली, तेही लिही. तीने नव्हे, तिने’ एवढ्या तीन ओळींना एका वहीमागे दोन मिनिटे लागतात. साठ वह्यांना दोन तास. त्यामुळे ज्या शाळा हे करतात, त्या दर आठवड्याला दहा-बाराच वह्या अशा रीतीने पाहतात आणि बाकीच्या मुलांना एकमेकांचे लेखन मोठ्याने वाचावयास देतात. मोठ्याने वाचताना ‘वसुंधरेचा हिरवा शालू’ तिसऱ्यांदा आला की वर्गात हशा पिकतो.

शालान्त परीक्षेत मात्र असे कोणी मोठ्याने वाचत नाही. उत्तरपत्रिका विद्यार्थ्याकडे परत येत नाही. ती पाहावयाची असल्यास निकालानंतर ठरावीक मुदतीत शुल्क भरून छायाप्रत मागवावी लागते आणि छायाप्रत घेतल्याखेरीज पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येत नाही. हे अर्ज बहुतेक करून गुणांच्या आशेने येतात. छायाप्रतीवर निबंधाशेजारी असतो तो केवळ एक अंक. तो का दिला, हे त्या पानावर कोठेही लिहिलेले नसते.